अकरा पॅरामीटर आणि चोवीस बाह्या

सामान_हलव(

१ ते ६

कुठून, कुठे, कोणत्या मजल्यावरून, कोणत्या मजल्यावर, वजन, वेळ. इथपर्यंत माझी चूक नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आत्या ऐकून घेत नाही.

आमची कंपनी लोकांचं सामान एका घरातून दुसऱ्या घरात नेते. मी तिथे प्रोग्रॅमर आहे. गाडीवाल्यांना कामाचा कागद जातो तो ‘सामान_हलव’ या फंक्शनमधून. फंक्शन म्हणजे एकदा लिहून ठेवलेलं काम. त्याला हवी ती माहिती पुरवली की ते चालतं. या माहितीच्या एकेका तुकड्याला पॅरामीटर म्हणतात. शहाणी माणसं दोन-तीन ठेवतात. आमच्याकडे अकरा, तेही ठरलेल्या क्रमाने. शेवटच्या पाचांची उत्तरं नुसती ‘हो’ किंवा ‘नाही’.

क्रम लक्षात राहावा म्हणून हे फंक्शन लिहिणाऱ्या आमच्या थोरल्या साहेबांनी गाणं रचलंय. नवा माणूस रुजू झाला की पहिल्या दिवशी ते उभं राहून म्हणायचं:

कुठून कुठे, मजले दोन,
वजन, वेळ, नाजूक कोण,
जिना, सुटं, झाक. थांब!
अकरावा तो नुसता खांब.

“गाणं कशाला? फंक्शनच सुधारू या की,” असं मी एकदा म्हणालो होतो.

“मला वीस वर्षं पाठ आहे,” थोरले म्हणाले. “तुला काय धाड भरलीय?”

७ ते १०

आत्या कपडे शिवते. तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून तिचं मशीन तळमजल्यावरच्या नव्या दुकानात न्यायचं होतं. दुकानाची पहिली ऑर्डर बँडवाल्यांची होती: बारा कोट. कोट तयार, बाह्या तयार, फक्त जोडायच्या राहिलेल्या. संध्याकाळी पाचला मिळाले नाहीत तर ऑर्डर समोरच्या टेलरकडे जाणार होती. तो दारात खुर्ची टाकून बसलाच होता.

घाई होती, म्हणून तिच्या मशीनची ओळ, म्हणजे फंक्शनला द्यायची अकरा उत्तरं, मी स्वतःच टाइप करायला घेतली. गाणं गुणगुणत ‘वेळ’पर्यंत आलो आणि फोन वाजला.

“ऐकतोयस ना?” आत्या.

“हो.”

“जेवलास?”

“नाही.”

“माझं मशीन कुणाला उघडू देऊ नकोस. कळलं?”

“हो.”

“चिडलास का रे?”

“नाही.”

“ठेवू मग?”

“हो.”

तोंड बोलत होतं, बोटं तेच टाइप करत होती. ओळ गेली ती अशी: नाजूक आहे? हो. जिना अरुंद? नाही. सुटं करायचं? हो. झाकायचं? नाही. आणि अकराव्या खांबाला: हो. कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नाही. त्याला पाच उत्तरं हवी होती, पाच मिळाली.

११ (वापरात नाही. काढू नका. थोरले रागावतात.)

)

उत्तर:

एक वाजता मशीन पोचलं. एक्केचाळीस पिशव्यांत.

“कागदावर होतं, सुटं करा,” मुकादम म्हणाला. “एक स्क्रू हरवलेला नाही. बघा मोजून.”

मी धावत पोचलो तेव्हा आत्या जमिनीवर चादर अंथरून बसली होती.

“शहाण्या, तुझ्या कंपनीने माझ्या मशीनची भेळ केली.”

“मी एकेक पिशवी देत जातो, आत्या. नंबर घातलेत त्यांच्यावर.”

“एकेक? एक्केचाळीस वेळा हात पुढे करू? ताटं आण.”

तिने तीन ताटं मांडली. खालचं सगळं एकात, सुईकडचं दुसऱ्यात, चाकाचं तिसऱ्यात. मग ती नुसती म्हणायची, “खालचं दे,” आणि मी ताट सरकवायचो. आत काय आहे ते ताटाला माहीत होतं. मला पाठ करावं लागलं नाही. त्या ताटाकडे मी इतका वेळ बघत बसलो की आत्याने स्क्रू-ड्रायव्हर फेकून मारला.

साडेतीनला मशीन चाललं. समोरच्याने खुर्ची दोन इंच मागे घेतली.

“डावी दे, उजवी दे,” आत्या शिवत होती, मी बाह्या देत होतो. अकराव्या कोटाला थोरल्यांचा फोन.

“सुटं करा असं तू लिहिलंस?”

“हो.”

“गाणं म्हटलं होतंस का?”

“हो... नाही...”

पाचला बँड आला. कोट चढवले. ढोलवाल्याच्या अंगात दोन डाव्या बाह्या होत्या, आणि साहजिकच झांजवाल्याच्या अंगात दोन उजव्या. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे.

ढोलवाल्याने हात हलवून पाहिला. “उजवा हात आपोआप ढोलावर येतोय,” तो म्हणाला. “राहू दे. छान आहे.”

बँडमास्तरने बाकीचे दहा कोट ओढून, ताणून तपासले. “पुढच्या वेळी टोप्याही तुमच्याकडेच,” तो आत्याला म्हणाला. “त्यांना बाह्या नसतात.”

समोरच्याने खुर्ची आत नेली.

दुसऱ्या दिवशी मी फंक्शन बदललं. अकरा सुट्या गोष्टींऐवजी एकच ताट, आणि त्यात प्रत्येक गोष्ट तिच्या नावासमोर:

सामान_हलव(आत्याचं_मशीन)

थोरल्यांनी ते दोनदा वाचलं. “मग गाणं?”

“सहलीला म्हणू.”

“आणि अकरावा?”

“काढला. तो होता तरी कशासाठी?”

थोरल्यांनी आधी दार लोटून घेतलं.

“पहिल्यांदा ओळ लिहीत होतो,” ते म्हणाले, “तेव्हा बायकोचा फोन आला. एक ‘हो’ जास्तीचा पडला. मग त्याला जागा करून दिली.”