जोडलेला गुरदा

“चरबीला सुरी लावू नको, पंचफुला. बोटानं सोल. आत गुरदा हाय, त्याला ओरखडा येता कामा नये.”

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या बसल्या पंचफुलाबाईला बापाचे हे बोल आठवले. नवसाचं बकरं पडलं की रखमाजी गुरदा उभा चिरून लेकीला दाखवायचा. काठाला गडद लाल, आत फिकट, मधोमध पांढरी पोकळी अन् तिथूनच निघालेली नळी. “रगत गाळून घेतो हा. देवानं दोन दिले, पण एकावर बी भागतं.”

त्या एका बोलावर तिनं सगळा भरोसा टाकला होता. धाकट्या भावाचे, शिवहारचे, दोन्ही गुरदे आकसून गेले होते. हिंगोलीला मशीनवर रक्त धुऊन घेत तो दिवस ढकलत होता. देवानं जोडी दिली ती वाटून घ्यायलाच, असं मनाशी धरून पंचफुलाबाई एका सोमवारी पूजा आटोपून कनेरगाव नाक्याला त्याच्या घरी गेली अन् म्हणाली, “माझा एक घे.”

शिवहार सुजल्या तोंडानं हसला. “अक्का, तुझा गुरदा उपासाला सवकलेला. माझ्या पोटात येऊन त्यानं मटण बंद केलं म्हंजे?”

“करीलच.”

“मंग ऱ्हाऊ दे बाई, मेलेलं बरं!”

“मरायच्या गोष्टी काहून करून राहिले तुमी?” दीपमाला, त्याची बायको, चुलीपासून कडाडली. हसणं तिथंच थांबलं. मग शिवहार हळू आवाजात म्हणाला, “अक्का, नांदेडला काय निघंल ते फोनवर सांगू नको. दुसऱ्याच्या तोंडून बी नको. तू सवता ये, माझ्यापाशी बस अन् सांग.”

त्याच्या हातावर हात ठेवून तिनं कबूल केलं.

रक्त जुळलं. बाकीचंही जुळत गेलं. तिनं नागनाथाला नारळसुद्धा बोलून ठेवला. राहिला होता फक्त पोटाचा शेवटचा फोटो, अन् तो आता पडद्यावर होता.

“मावशी, मूत्रपिंडं दोन बाजूंना सुटी असतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुमची खाली जोडलेली आहेत. जन्मापासूनच.”

मणक्याच्या दोन्ही अंगांना घेवड्याच्या दाण्यासारखे दोन गुरदे होते. पण त्यांची खालची टोकं आत वळून एकजीव झाली होती, घोड्याच्या नालासारखी.

“मला तर कधी तकलीफ झाली न्हाई.”

“पुष्कळांना होत नाही.”

“मंग मधला सांधा कापा की, बाई. हळू हातानं.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी सांध्यावर बोट ठेवलं. “हासुद्धा जिवंत भाग आहे. रक्ताच्या नळ्या बघा, वरून, खालून, कुठून कुठून आल्यात. कापायला गेलो तर तुमचाही जीव धोक्यात, अन् त्यांना लावण्याजोगं काही हाती येईलच असं नाही. आम्ही हे करणार नाही. घरात दुसरं कोणी?”

“आईबाप गेले. भावजयीचं रगत जुळत न्हाई.”

“मग प्रतीक्षायादीत नाव आहेच त्यांचं. वाट बघू.”

पंचफुलाबाईनं पोटावर हात ठेवला. आत सगळं धडधाकट होतं, या घडीलाही मुकाट काम करत होतं, अन् भावाच्या काडीच्या उपयोगाचं नव्हतं. देवानं तिलाही दोनच दिले होते. फक्त हातात हात घालून दिले होते. नागनाथाकडे आता काय मागावं, तेच तिला सुचेना.

हिंगोलीच्या स्टँडवर त्यांच्या गावाची, पुसेगावची, गाडी लागलेली होती. नवरा, विश्वंभर, नांदेडपासून सोबत होता. तो म्हणाला, “घरी चल. सकाळपासून उपाशी हायेस. शिवहारला मी फोन लावतो.”

“न्हाई.”

“त्याच्या तोंडावर कसं सांगशील?”

ते तिलाही ठाऊक नव्हतं. पिशवीत फोन वाजायला लागला. शिवहारच्या घरचाच असणार. तिनं तो वाजून थांबू दिला.

“तुमी जावा. शेरडं बांधायची हायेत,” ती मऊ आवाजात म्हणाली. पदर डोक्यावर सारखा केला अन् पलीकडे उभ्या असलेल्या वाशिमच्या गाडीत चढली. कंडक्टर जवळ आला, तसं तिनं कनेरगाव नाक्याचं तिकीट मागितलं.