शेवटची आठ पानं

“भाऊसो, मला मारलास व्हय रं?”

बिरदेव इस्लामपुरात माझ्या दारात उभा होता. खांद्यावर घोंगडं, काखेत माझी कादंबरी. त्याला वाचता येत नव्हतं. पण नात प्रांजल आटपाडीला कॉलेजात जायची, आणि तिनं त्याला ती पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत वाचून दाखवली होती. घोटाळा मागच्या पुठ्ठ्यापाशी होता.

त्याचं असं झालं. कादंबरी मी पदरमोड करून सांगलीत छापली. पुस्तक छापतात सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत. माझी गोष्ट संपली दोनशेव्या पानावर, आणि तेराव्या फर्म्यात आठ पानं कोरी उरली. प्रेसवाला अमृत म्हणाला, खताच्या दुकानाची जाहिरात टाकू. मी म्हटलं, माझ्या नायकाच्या मागं युरिया नको. तिथंच बाकड्यावर बसलो आणि ‘दुसऱ्या भागातून’ असा मथळा देऊन तासाभरात आठ पानं ठोकून दिली. दुसरा भाग कागदावर नव्हता, डोक्यातही नव्हता. पण वाचक अडकून राहावा, म्हणून नायक बिरूला कोकरामागं पुराच्या माणगंगेत उडी मारायला लावली. वर आलं फक्त घोंगडं. तिथं थांबलो आणि स्वतःवर खूश होऊन पावशेर भडंग खाल्लं.

आता बिरू म्हणजे बिरदेवच, हे मी कधी लपवलं नव्हतं. चाळीस वर्षं ऊस तुटला की तो माझ्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायला यायचा. रान वरून रिकामं दिसतं, पण कळप बसून उठला की लेंड्यांनी माती अशी तयार होते की पुढचं पीक माणसाला झाकून टाकतं. त्या मुक्कामात त्यानं सांगितलेल्या गोष्टींना मी थोडं मीठ लावलं. थोडं म्हणजे पोतंभर.

“मागं घोंगडंच ऱ्हातंय मानसाचं,” तो म्हणाला. “बेस्तरवारी मिरजंला पोटातली गाठ काढायची हाय. मी आता जात न्हाई. तू लिवलंस की घडतंय.”

हा विश्वास मीच पेरलेला. साखर कारखान्यात मी चौतीस वर्षं उसाच्या काट्यावर कारकून होतो. गाडी काट्यावर चढली की तबकडीकडं पाठ करायचो आणि वजन लिहून मोकळा व्हायचो. काटाही किलोचा फरक न पडता तेवढंच दाखवायचा. भाऊसो लिहितो आणि मग काटा हलतो, असं तालुक्यात बोललं जायचं. खरं एवढंच, की समोरच्या खिडकीच्या काचेत तबकडी उलटी दिसायची.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बिरदेवला सांगितलं, काचेसकट.

तो म्हणाला, “मला धीर द्याया खोटं बोलाय लागलास? उलटं कुनाला वाचता येतंय रं?”

जन्मभर त्यानं माझ्या थापा पचवल्या. एकदा खरं बोललो, तर ते त्याला पचेना.

“लिवलंयस तसं लिवूनच फिरीव,” म्हणाला आणि निघून गेला.

बुधवारी वही घेऊन मिरजेला गेलो. दवाखान्यात पायथ्याशी त्याची बायको दगडाबाई बसली होती. मी वाचायला लागलो. बिरू चार गावं खाली वाळूला लागला, खोकला, उठून बसला. बिरदेवनं हात वर केला.

“कोकरू?”

कोकरू मी साफ विसरलो होतो. तिथंच खोडून त्याच्या पाठीवर दिलं.

“पाठीवर नगं. भिजलंय, काखंत घिऊ दे.”

काखेत दिलं. मग त्यानं विचारलं, पुढं काय? मी पेनाला टोपण लावलं. म्हटलं, पुढचं तू बाहेर आल्यावर.

“ऱ्हायलंय किती?”

“लय.”

दुसऱ्या दिवशी गाडीवरून आत नेताना सिस्टरला त्यानंच सांगितलं, चला लवकर, पुढचं ऐकायचंय.

गाठ निघाली. डॉक्टर श्रेय स्वतःकडं घेतात, घेऊ देत. पण मी दुसरा भाग संपू दिला नाही. दर हंगामाला एक प्रकरण, बांधावरच्या बाभळीखाली. सात हंगामांत बिरूनं महाबळेश्वरच्या वाघाची लोकर कातरली आणि कोरेगावच्या बाजारात तिचं घोंगडं त्याच वाघाला विकलं. दरवेळी ऐकून झालं की बिरदेव विचारायचा, ऱ्हायलंय किती? आणि मी म्हणायचो, लय.

यंदा कळपामागं दगडाबाई एकटीच आली. बाभळीखाली बसली, काखेतलं घोंगडं माझ्यापुढं ठेवलं.

“धनी पावसाळ्यात गेलं, झोपंतच. तुमाला द्याया सांगितलं हुतं.” मग म्हणाली, “पुस्तक पुरं करा आता, भावजी.”

महिन्याभरात पुरं केलं. शेवटी बिरू डोंगरापलीकडं गेला, कोकरू काखेत. घोंगडं त्याच्या खांद्यावरच ठेवलं.

अमृतनं प्रेसमध्ये हिशोब केला आणि हसायला लागला. पुन्हा आठ पानं उरली होती. तिसऱ्या भागातलं काही आहे का, त्यानं विचारलं.

मी म्हटलं, कोरी जाऊ दे.

“लोकांना वाटंल छापायचं ऱ्हायलं. कुनी इचारलं तर काय सांगू, भाऊसो?”

मी घोंगडं खांद्यावर नीट घेतलं.

“सांग, मेंढरं बसवल्यात.”