दात प्रिय असल्यास

आमच्या ह्यांना पाट्या लिहिण्याची हौस आहे. नारायण पेठेत हे काही विशेष नाही, घरटी असा एखादा माणूस सापडतो. पण ह्यांच्या पाट्या वाचायला लोक थांबतात, आणि थांबलेले लोक गॅलरीतून बघायला ह्यांना फार आवडतं. जिन्यात चपला पसरणाऱ्यांसाठी एक पाटी आहे, कुरिअरवाल्यांसाठी एक. फाटकावर लिहिलंय, 'फाटक लावण्यासाठी आहे. उघडेच ठेवायचे असते तर आम्ही भिंतीला भोक पाडून भागवले असते.' तरी फाटक उघडंच असतं. लोक पाटी वाचतात, हसतात आणि तसेच निघून जातात. तेव्हाच खरं म्हणजे आमच्या लक्षात यायला हवं होतं.

हे खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले. तिथे तपासणीवर होते. लोखंडाच्या तुकड्यावरून बोट फिरवायचं, चीर सापडली की त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा आणि तो तुकडा बाजूला ठेवायचा. त्या ठिपक्याचा भारी दरारा होता म्हणे. ठिपका दिलेल्या वस्तूला पुन्हा कुणी हात लावत नसे, साहेबसुद्धा नाही. पुढचं सगळं रामायण त्या ठिपक्यापासून सुरू झालं, म्हणून सांगते.

ह्यांची सायकल काळी, जुनी, खडकीला जाऊन येऊन मुरलेली. निवृत्तीनंतरही मंडई, बँक, कसब्याचा गणपती, सगळं तिच्यावरच. मुलगा स्कूटर घेऊन देतो म्हणाला तर ह्यांनी त्याला पेट्रोलवर एक व्याख्यान दिलं. दसरा होऊन थोडे दिवस झाले होते. रविवारी सायकल पुसताना ह्यांचं बोट एकदम थांबलं. पुढचं चाक ज्याच्यात बसतं त्या चिमट्याला वरच्या अंगाला केसाएवढी चीर होती. मला तर चष्मा लावूनही दिसली नाही.

"ही आता चालवायची नाही," हे म्हणाले. "चालत्या सायकलचा चिमटा तुटला की माणूस हँडलवरून थेट तोंडावर जातो. हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही."

कसबा पेठेतल्या अकबरभाईंना नवा चिमटा आणायला सांगितला. जुन्या मापाचा आता सहज मिळत नाही, जरा थांबा, म्हणाले. तोवर सायकल फाटकाच्या आत भिंतीला टेकवून ठेवली. चिरेवर ह्यांनी लाल ठिपका दिला. कुलूप लावलं नाही.

"अहो, कुलूप?"

"ठिपका दिलाय की. आणि तडकलेली सायकल कोण नेतंय?"

मी वाद घातला नाही. माझी फोडणी जळत होती.

तडकलेली सायकल गेली. हे सकाळी दूध आणायला खाली उतरले आणि रिकाम्या हातांनी वर येऊन खुर्चीत बसले. चेहरा उतरलेला. मला वाटलं, इतक्या वर्षांची सोबत, जीव अडकला असणार. म्हटलं, "जाऊ दे हो. जुनीच तर होती."

"शकू, तो पडेल."

"कोण?"

"ज्याने नेली तो. त्याला माहीत नाही ना."

त्या दिवशी पोळी ह्यांच्या ताटात तशीच राहिली. सायकल गेल्याचं दुःख नव्हतं असं नाही, पण ते मागे कुठेतरी पडलं होतं. आपल्या सायकलवरून कुणीतरी तोंडावर आपटणार आणि ते आपल्याला आधीपासून ठाऊक आहे, हे ह्यांना सोसवत नव्हतं. सगळा जन्म नापास माल फाटकाबाहेर जाऊ न देण्यात गेलेला माणूस, आणि घरच्याच फाटकातून माल गेला.

आम्ही चौकीत गेलो. तिथे हवालदार कौशल्या म्हणून एक बाई होत्या, वागायला चांगल्या. त्यांनी अर्ज लिहून घेतला. सायकलचं बिल आहे का म्हणाल्या. हे म्हणाले, "बिल देणारा दुकानदार वारला, दुकान गेलं, तिथे आता पिझ्झा मिळतो."

"ओळखायची खूण काही?"

"पुढच्या चिमट्यावर लाल ठिपका. म्हणजे तो तडकलाय. मॅडम, हे अर्जात मोठ्या अक्षरात लिहा. कुणाजवळ सापडली तर आधी त्याला खाली उतरवा, चौकशी मग करा."

कौशल्याबाईंनी पेन थांबवलं. "काका, चोराची एवढी काळजी करणारे तुम्ही पहिलेच."

"काळजी चोराची नाही हो, चिमट्याची आहे," हे म्हणाले. अवघड जागी ह्यांचं बोलणं असंच तिरकं जातं. बाई हसल्या. बाहेर पडताना मी बघितलं तर अर्जात चिमट्याचा उल्लेख होता, पण इतर अक्षरांएवढ्याच अक्षरांत.

मग हे म्हणाले, नेणारा जवळपासचाच असणार, फाटकातून आत हात घालणारा माणूस लांबून येत नाही. त्याला कळवलं पाहिजे. आणि कळवायचं म्हणजे ह्यांना एकच मार्ग माहीत. दुपारची झोप सोडून पाटी लिहायला बसले. जिथे सायकल उभी होती त्याच जागी, पण रस्त्याकडे तोंड करून ती लावली.

'आमची सायकल नेणाऱ्या सद्गृहस्थांस सप्रेम नमस्कार. आपण नेलेल्या सायकलचा पुढचा चिमटा तडकलेला आहे. नवा चिमटा येणारच होता. थोडा धीर धरला असता तर आपल्याला धडधाकट सायकल चोरता आली असती. दात प्रिय असल्यास सायकल परत आणून ठेवावी. दात प्रिय नसल्यास आमची हरकत नाही. बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही.'

मी हसले. खोटं कशाला बोलू, चांगली जमली होती.

दुसऱ्या मजल्यावरची शेफाली आयटीत आहे. ऑफिसला जाताना तिने फोटो काढला आणि कुठे कुठे टाकला. संध्याकाळपर्यंत तो आमच्या भावकीच्या ग्रुपवर परत आला, सोबत हसून हसून रडणारी तोंडं. दुसऱ्या दिवशी पाटीसमोर कॉलेजची मुलं उभी राहून स्वतःचे फोटो काढायला लागली. एक जोडपं कोथरूडहून खास आलं. हे गॅलरीत उभे होते, आणि मी ह्यांना ओळखते, तो अख्खा दिवस ह्यांना बरं वाटत होतं. इतक्या लोकांनी वाचली म्हणजे त्यानेही वाचली असेल, असं मला सांगत होते. ते खरंही निघालं, पण आम्हाला ते पुढे कळलं.

मग एका रेडिओवाल्या मुलीचा फोन आला. ह्यांनी तो स्पीकरवर ठेवला, मला ऐकू यावं म्हणून.

"सर, काय कमाल लिहिलंय! ते चिमट्याचं कसं सुचलं?"

"सुचलं नाही. तडकलाय तो."

पलीकडून हसू. "म्हणजे अजूनही कॅरेक्टर सोडत नाही आहात तुम्ही!"

"अहो बाई, खरंच तडकलाय. माणूस पडेल."

"आणि दात प्रिय नसतील तर आपली हरकत नाही!" तिकडे दोघं-तिघं हसायला लागले. हे जितकं गंभीरपणे सांगायला लागले तितकं तिकडचं हसणं वाढलं. शेवटी ह्यांनी फोन बंद केला आणि माझ्याकडे बघितलं.

"कुणालाच खरं वाटत नाही," म्हणाले. घाबरले होते. मी ह्यांना आजारपणातही असं बघितलं नव्हतं.

हे तसेच खाली गेले आणि दोन मुली फोटो काढत असताना त्यांच्यासमोर पाटी उतरवून आले. टेबलाशी बसले. कागदावर काहीतरी लिहायचे, खोडायचे. मी डोकावले. 'सप्रेम' खोडलेलं होतं. 'आपल्यासारख्या धाडसी व्यक्तीस' खोडलेलं होतं. माणसाला साधं एक वाक्य लिहिता येईना. मला दया आली आणि रागही आला. म्हटलं, "सरका. मी लिहिते."

मी लिहिलं, 'आमच्या सायकलचा पुढचा चिमटा खरोखर तडकला आहे. ती चालवू नका. पडाल. सायकल परत दिली नाही तरी चालेल, पण चालवू नका.'

ह्यांनी वाचलं. काहीतरी जोडायला पेन उचललं, पण नुसतं धरून बसले, मग खाली ठेवलं.

शेफालीला म्हटलं, हिचाही फोटो टाक. तिने टाकला, बिचारी नाही म्हणाली नाही. "पण काकू, ही काही खास नाही झाली," एवढं म्हणाली. "ही फिरणार नाही." नाहीच फिरली. पाटीसमोरची गर्दी आटली. हे मात्र गॅलरीतच उभे असायचे. काळी सायकल दिसली की कठड्यावरून वाकायचे. अकबरभाईंचा निरोप आला, चिमटा आलाय, घेऊन जा. हे आणायला गेले नाहीत.

एका दुपारी बेल वाजली. एकदाच.

दारात विशीतला एक मुलगा उभा होता. उजवा हात गळ्यात बांधलेला, हनुवटीला टाके, वरचा ओठ सुजून पुढे आलेला. त्याच्यामागे जिन्याच्या कठड्याला टेकवून आमची सायकल. पुढचं चाक वेगळं, सुतळीने मागच्या सीटवर बांधलेलं. एका हाताने ती जिना चढवून वर कशी आणली देव जाणे.

"काका, तुमची सायकल," तो म्हणाला. बोलताना तोंड उघडलं आणि आम्हाला दिसलं. वरचे पुढचे दात नव्हते.

ह्यांनी दाराची चौकट धरली. मी त्याला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. त्याने ते एका कडेने, हळूहळू प्यायलं. योगेश त्याचं नाव. वाशिमकडचा. आमच्या मागच्या गल्लीतल्या अभ्यासिकेत बसून वनरक्षकाच्या परीक्षेची तयारी करत होता. पहाटे धावायचा सराव करायला त्याला खडकीच्या मैदानावर जायचं असायचं.

"लय दिवस एका जागीच उभी दिसली, कुलूप नाही," तो खाली बघत म्हणाला. "मले वाटलं कोणाले नको हाय. चूक झाली काका. चोरीच हाय ते, मले समजते."

"आणि लाल ठिपका?" ह्यांनी विचारलं. "चिमट्यावर लाल ठिपका दिसला नाही तुला?"

"दिसला ना. मले वाटलं कुंकू हाय. दसऱ्याच्या पूजेचं."

मीच विचारलं, "अरे पण पाटी? पाटी नाही वाचलीस? अख्ख्या पुण्याने वाचली."

"वाचली ना काकू." तो हसला आणि लगेच ओठावर हात धरला, दुखलं असणार. "मीच आमच्या रूमवरच्या पोट्ट्यायले वाचून दाखवली. लय हसलो आम्ही. ते दाताचं तर दोनदा वाचायले लावलं त्यायनं."

"मग?"

"मग काय, सकाळी तिच्यावरच निघालो. पुलाच्या उतारावर गेलं चाक."

दुसरी पाटी त्याने दवाखान्यात फोनवर बघितली होती. मित्राने दाखवली. कुणी शहाण्याने खाली लिहिलं होतं, काकांचा फॉर्म गेला.

योगेशने खिशातून रुमाल काढून ओठ टिपला. मग ह्यांच्याकडे बघून, अजिबात राग नसलेल्या आवाजात म्हणाला, "काका, खरं होतं तर खऱ्यासारखं लिहायचं ना."

ह्यांच्याकडे प्रत्येकाला द्यायला उत्तर असतं. सासऱ्यांना होतं, साहेबांना होतं, डॉक्टरला असतं, मला तर उठता बसता असतं. मी उत्तराची वाट बघितली. चोर तू आणि मला शिकवतोस, असं हे म्हणू शकले असते, आणि ते चूकही ठरलं नसतं. हे म्हणाले, "हो रे. चुकलं माझं."

मला त्या क्षणी दोघांचाही इतका राग आला की सांगता सोय नाही. एकाने दुसऱ्याची वस्तू न विचारता उचलायची, दुसऱ्याने जिवावरची गोष्ट तिखटमीठ लावून सांगायची, आणि मग दोघांनी माझ्या घरात एकमेकांसमोर माना खाली घालून बसायचं. मी आत गेले आणि मऊ भात टाकला. दुसरं त्या तोंडाने काय चावता येणार होतं?

तो जेवून गेल्यावर हे चौकीत गेले. कौशल्याबाईंना म्हणाले, सायकल मिळाली, ओळखीच्या मुलाने नेली होती. बाईंनी विचारलं, "आणि तो चिमटा?" "तुटला," हे म्हणाले. त्या दिवशी बाई हसल्या नाहीत.

योगेशची परीक्षा त्या साली हुकली. हात जुळेपर्यंत धावण्याची मैदानी चाचणी होऊन गेली. दात बसवायला हे त्याला घेऊन गेले. तो अजून अधूनमधून येतो. नवा चिमटा बसवलेली सायकल त्याच्याकडेच असते. तिला कुलूप असतं.

मध्यंतरी आमच्या गल्लीतल्या गटाराचं झाकण तुटलं. फोन करून झाले, कुणी आलं नाही. संध्याकाळी हे पुठ्ठा आणि ब्रश घेऊन बसले. मी मनात म्हटलं, आता महापालिकेचा उद्धार वाचायला मिळणार. थोड्याच वेळात हे उठले, खाली गेले आणि खड्ड्याशी काठी रोवून पुठ्ठा बांधून आले. मी गॅलरीतून वाचलं. 'खड्डा आहे. जपून.'

बराच वेळ आम्ही दोघं तिथे उभे होतो. कुणी थांबलं नाही, कुणी हसलं नाही, कुणी फोटो काढला नाही. सगळे वाचत होते आणि बाजूने जात होते.