बाबा बसला तो टब

मी टब बोलतोय. लहान मुलांना आंघोळ घालतात तो, लाल, प्लास्टिकचा, तळाला मासा असलेला. सध्या माझ्यात चपला असतात. एके काळी पाणी असायचं आणि पाण्यात भिंगरी असायची. त्या दिवसांच्या आणि या दिवसांच्या मध्ये एक उन्हाळ्याची सुट्टी आहे, तिची हकीगत सांगायची आहे. टबाला कसली आलीय हकीगत, असं म्हणाल. थोडीशी आहे, ऐका.

माझा जन्म साच्यात झाला. प्लास्टिकचे दाणे वितळले, साचा मिटला, उघडला आणि मी बाहेर पडलो. माझ्या आधी एक पडला होता, माझ्यानंतर एक पडला, सगळे एका तोंडवळ्याचे. फरक एवढाच, की माझ्या तळाला मासा चिकटवताना ती कामगार बाई शेजारणीशी बोलत होती. त्यामुळे मासा तिरका बसला, तोंड वर आणि शेपूट खाली. तो कायम हवा खायला निघाल्यासारखा दिसतो.

पुढे मी एका दुकानाबाहेर बादल्या आणि झाडूंच्या संगतीत टांगलेला होतो. एक दिवस एक जोडपं आलं. बाईच्या कडेवर नुकतं बसायला लागलेलं पोर होतं. बुवाने मला खाली काढलं, बोटांनी ठोकलं, कडा दाबून पाहिल्या आणि विचारलं, "वजन किती पेलेल?"

दुकानदार म्हणाला, "साहेब, बिनधास्त न्या. तुम्ही स्वतः बसलात तरी तडा जायचा नाही."

"मी कशाला बसतोय," बुवा म्हणाला आणि सगळे हसले. दुकानदाराचं हे बोलणं तेवढं लक्षात ठेवा.

तो बुवा म्हणजे बाबा. कडेवरची भिंगरी. हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण ती एका जागी ठरायची नाही म्हणून आत्याने ठेवलेलं, आणि तेच चिकटलं. आई औषधांच्या दुकानात कामाला, ती सकाळी लवकर बाहेर पडायची. त्यामुळे आंघोळीचं खातं बाबाकडे होतं. बाबा लिफ्टदुरुस्तीवाला. उंच उंच इमारतींमध्ये जाऊन दोर तपासायचे, ब्रेक तपासायचे. आत्या म्हणजे त्याची थोरली बहीण, ती म्हणायची, "आमच्या याला कोणी पडू नये म्हणून पगार मिळतो."

बाबाची पद्धत ठरलेली होती. आधी पाण्यात कोपर बुडवून बघायचं. मग भिंगरीला माझ्यात बसवायचं. हात, पाय, पोट, पाठ, सगळं झालं की शेवटी डोकं. डोक्यावर पाणी म्हटलं की मुलं घर डोक्यावर घेतात. पण बाबाने त्यावर युक्ती काढली होती. तो पाण्याने भरलेला मग उंच धरायचा आणि गंभीर आवाजात म्हणायचा, "डोळे मीट. ढग आला."

भिंगरी डोळे असे मिटायची की नाक, तोंड सगळं चेहऱ्याच्या मधोमध गोळा व्हायचं. मग पाणी यायचं. पाणी गेलं की ती डोळे उघडून म्हणायची, "पुना." बाबा कामाला उशिरा पोचायचा तो या 'पुना'पायी.

बाबा तसा अबोल माणूस. पण आंघोळ घालताना त्याची टकळी सुरू असायची. साहेब कसा खडूस आहे, कोणत्या इमारतीतली लिफ्ट कुरकुरते, सगळं तो भिंगरीला सांगायचा. ती माशाकडे बघत ऐकायची. मीही ऐकायचो. मला ते बरं वाटायचं.

भिंगरी पळायला लागली त्या उन्हाळ्यात सुट्टीचा बेत ठरला. आधी डोंगर, मग समुद्र. गाडीत आई, बाबा, भिंगरी आणि आत्या. मला न्यायचं की नाही यावर चर्चा झाली. आई म्हणाली, "तिथे बादल्या असतीलच की."

"बादलीत ती बसत नाही," बाबा म्हणाला.

"अरे, मग सोबत नळही घे," आत्या म्हणाली. तिच्या जिभेला हाड नाही. पण मी गेलो. गाडीच्या टपावर बाबाने मला असं बांधलं की ती गाठ सोडवायला तोच लागला. माझ्या पोटात केळी, लंगोट, टॉवेल आणि भिंगरीचा पिवळा मग. मी पहिल्यांदाच घराबाहेर पडलो होतो. वळणावळणाच्या रस्त्याने वर जाताना माझी पाचावर धारण बसली होती, पण टबाला कोण विचारतं.

डोंगरातलं घर लहान होतं, दोन खोल्यांचं. खाली उतरलं की ओढा. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर सगळे ओढ्यावर गेले. मला टॉवेल ठेवायला नेलं. मी काठावर होतो, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं.

बाबा भिंगरीला घेऊन पाण्यात उतरला. आई म्हणाली, "काठावरच बस ना, पाणी गार आहे." बाबा म्हणाला, "गुडघाभर तर आहे." तो दोन पावलं पुढे गेला. शेवाळलेल्या दगडावर त्याचा पाय घसरला आणि दोघंही पाण्याखाली गेले.

क्षणभरच. बाबाने तिला लगेच वर उचललं. तिला लागलं नव्हतं, खरचटलंही नव्हतं. पण तिच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं आणि कोणी तिला "डोळे मीट" म्हटलं नव्हतं. ती खोकली, मग तिचा श्वास अडकला, मग ती रडली. तिचं ते रडणं मी कधी ऐकलेलं नव्हतं. आईने पाण्यात शिरून तिला बाबाच्या हातातून घेतलं. घेतलं कसलं, ओढलंच.

त्या संध्याकाळी गरम पाण्याची बादली आली. बाबाने मला मांडलं, कोपर बुडवून पाहिलं आणि हाक मारली. भिंगरीने त्याच्या हातातला मग बघितला आणि आईच्या गळ्याला मिठी मारली. "नको," ती म्हणाली. "बाबा नको."

"राहू दे," आई म्हणाली. "मी बघते."

आईलाही जमलं नाही. पाणी दिसलं की पोरगी आकांत करायची. मग ओल्या फडक्याने अंग पुसणं सुरू झालं. आत्या म्हणाली, "दुधाने तोंड पोळलं की पोर ताकही फुंकून पिणार. जाईल भीती." पण भीती गेली नाही. समुद्राकडे जाताना भिंगरी पूर्ण वाटभर आईच्या मांडीवर होती. बाबा गाडी चालवत होता. आई त्याच्याशी बोलत होती ती फक्त पेट्रोल आणि वळणांबद्दल.

समुद्राकाठचं घर चांगलं होतं. दार उघडलं की वाळू. पण भिंगरी वाळूतही पाय टेकेना. लाट लांब असली तरी ती पाय पोटाशी घ्यायची. मी व्हरांड्यात कोरडा पडून होतो. माझा मासा वाळूने भरला होता. आंघोळ न घालणारा टब म्हणजे काय हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

बाबा व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसायचा. एका सकाळी आत्या चहा घेऊन त्याच्या शेजारी बसली. आई भिंगरीला घेऊन लांबवर उभी होती.

"ताई," बाबा म्हणाला, "ती आता माझ्याकडे येणारच नाही का?"

"दीड वर्षाचं पोर आहे. ती विसरेल."

"कधी?"

आत्या चहा प्यायली. मग म्हणाली, "तुला राग येईल, पण सांगते. ती यायला निघते. काल दोनदा निघाली. तू हात पुढे करतोस आणि लगेच मागे घेतोस. पोराला शब्द कळत नसले तरी हात कळतात. तुझ्याच हातांना तुझा भरवसा नाही, मग ती कशी येईल?"

 बाबाने आपले हात बघितले. आत्याचं म्हणणं खरं होतं, मीही ते पाहिलं होतं.

मग आत्या उठली, मला कानाला धरून उचललं आणि ओल्या वाळूत नेऊन ठेवलं, लाटांपासून लांब. शेजारी तिने हातांनी एक खड्डा खणला. त्यात खालून आपसूक पाणी साचलं. हे सगळं ती काही न बोलता करत होती, आणि आत्या गप्प आहे म्हणजे काहीतरी मोठं चाललंय, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बाबा मागोमाग आला. आईही भिंगरीला घेऊन जवळ आली.

भिंगरीने मला ओळखलं. "माछा," ती म्हणाली. आईने तिला खाली ठेवलं. ती माझ्याजवळ आली, वाकून माशाला बोट लावलं, पण आत बसेना. मग मागे सरकून आईचा पाय धरून उभी राहिली.

आणि बाबा माझ्यात बसला.

मी सांगतो, असं वजन मी जन्मात पाहिलं नव्हतं. आधी एक पाय आला, मग दुसरा, मग सगळा लिफ्टदुरुस्तीवाला. त्याचे गुडघे कानांपर्यंत गेले. माझ्या तळाला कट्ट आवाज झाला आणि माशाच्या शेपटीपासून कडेपर्यंत तडा गेला. त्या दुकानदाराच्या बोलण्यावर माझाही विश्वास होता हो.

भिंगरी बघत राहिली. तिच्या जागेवर बाबा बसला होता, मोठाच्या मोठा, हात गुडघ्यांभोवती धरून. तो तिला बोलवत नव्हता, हातही पुढे करत नव्हता. नुसता बसला होता, आंघोळीला बसतात तसा. तिने इकडेतिकडे पाहिलं. वाळूत माझ्यातून घरंगळलेला पिवळा मग पडला होता. तिने तो उचलला. आई पुढे व्हायला लागली तर आत्याने तिचं मनगट धरलं.

भिंगरी खड्ड्याजवळ गेली. उकिडवी बसली. पाण्याकडे बघितलं. मग तिने मग बुडवला. ओढ्यानंतर तिने पाण्याला स्वतःहून हात लावला तो पहिल्यांदाच. अर्धं पाणी तिच्याच पायावर सांडलं, ती दचकली, पण मग सोडला नाही. ती माझ्यापाशी आली आणि बाबाकडे कडक नजरेने बघून म्हणाली, "दोले मीत."

बाबाने डोळे मिटले. तिचा हात डोक्यापर्यंत पुरेना, म्हणून त्याने मान खाली घातली.

"दग आला," भिंगरी म्हणाली आणि मग उपडा केला.

पाणी बाबाच्या केसांतून, मानेवरून माझ्यात उतरलं. त्याचे खांदे हलत होते. खारट पाणी समुद्राचं किती आणि त्याचं किती, ते मी सांगणार नाही. त्याने डोळे न उघडताच विचारलं, "पुन्हा?"

"पुना," भिंगरी म्हणाली.

मग तिच्या खेपा सुरू झाल्या. मग भरायचा, आणायचा, ओतायचा. बाबाने डोळे उघडले की ती रागवायची. आता गंमत अशी, की माझ्यात पाणी थांबत नव्हतं. तड्यातून सगळं वाळूत जात होतं. टब भरेना, म्हणून तिचं काम संपेना. मी शाबूत असतो तर पाचसहा मगांत ती कंटाळली असती. तडा गेल्याचं दुःख मला झालं, पण त्या वेळी ते बाजूला ठेवलं.

शेवटी खड्डा आटला. मगात नुसती वाळू येऊ लागली. भिंगरीने लाटांकडे पाहिलं, पाणी तिथेच होतं. तिने बाबाकडे पाहिलं आणि मोकळा हात पुढे केला. "बाबा, चल."

बाबाने हात पुढे केला, आणि या वेळी तो मागे घेतला नाही. तिची मूठ त्याने पक्की धरली आणि उठायला गेला, तर मी त्याच्या बुडाला चिकटलेला. तो उभा राहिला आणि मीही त्याच्याबरोबर वर. आत्या वाळूत बसकण मारून हसली. आईनेही तोंडावर हात घेतला होता, पण तिचं हसू आवरेना. तिनेच येऊन मला ओढून काढलं. मग बाबाच्या ओल्या दंडाला धरून हळू आवाजात म्हणाली, "पाय बघून टाक."

"टाकतो," बाबा म्हणाला. ते दोघं लाटेच्या कडेपर्यंत गेले आणि पिवळा मग भरून आणला.

माझं काम तिथेच संपलं. घरी आल्यावर नवा निळा टब आला. मला गॅलरीत ठेवलं. आधी माझ्यात कपड्यांचे चिमटे होते, मग बटाटे, आता चपला. आईने दोनदा मला भंगाराच्या ढिगात टाकलं. दोन्ही वेळा बाबाने मला गुपचूप परत आणलं. कारण त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही.

भिंगरी आता आत्याच्या खांद्याला लागते. रोज पोहायला जाते. ती सुट्टी तिला अजिबात आठवत नाही, ना ओढा, ना समुद्र. परवा गॅलरी आवरताना तिने माझ्यातल्या चपला ओतल्या आणि मला उचललं.

"बाबा, हा फुटका टब किती वर्षं सांभाळणार? मी बसायचे म्हणून ठेवलाय ना? मी काही रडणार नाही, देऊन टाक."

बाबा दाढी करत होता. तो म्हणाला, "तुझा नाहीच तो. माझा आहे. मला त्यात आंघोळ घालायचे."

"तुला? कोण?"

बाबाने वस्तरा धुतला. "होती एक. फार कडक होती. डोळे उघडू द्यायची नाही."

भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मला जागेवर ठेवलं, आणि चपला परत भरायच्या आधी माशावरची धूळ बोटाने पुसली.

तर मी आहे हा असा. पाणी धरत नाही, चपला धरतो. तक्रार नाही. तुमच्याही घरात एखादी फुटकी वस्तू असेल, जागा अडवणारी. खुशाल टाका. टाकण्याआधी फक्त घरातल्या सगळ्यांना विचारा, ती कोणाची आहे. तुम्हाला वाटतं त्याचीच ती असेल, असं नाही.