बाहेरून घेतलेलं माप

मी गादी बोलतेय, भिंतीला टेकवून उभी केलेली. समोर आजोबांच्या पलंगावर ऐसपैस पसरलीय ती नवी. तिच्याकडे बघितलं की माझा नुसता जळफळाट होतो, लपवू कशाला?

माझ्या पोटात मऊ फोम, वरून चिकटवलेलं ताठ कापड. दुकानात जमिनीवर होते तेव्हा मी अगदी सपाट होते. इथं आले तर पलंगाला चारी बाजूंनी फळ्या! आजोबांच्या मुलानं आणि सूनबाईंनी मला त्यांत कोंबलं. फोम बिचारा गुमान दबला. कापडाला आखडता येईना, मग ते जागोजागी वर उठलं आणि माझ्या अंगभर बारीक सुरकुत्या पडल्या.

"सूनबाई, पाठीला टोचतंय गं," आजोबा म्हणाले. कमरेच्या ऑपरेशनमुळे ते दिवसभर पडून असत. तरी दुपारची डुलकी माझ्यावरच, नातीशी पत्त्यांचा डावही माझ्यावरच. त्यांची पाठ एवढंच माझं जग होतं.

पण मुलानं नवी आणली. हिचं कापड जाड, त्यामुळे सुरकुत्या कमी पण रुंद. "वा! मसाजसाठी लाटा दिल्यात वाटतं," तो म्हणाला. माझ्या त्या सुरकुत्या आणि हिच्या लाटा!

आजोबांच्या वजनानं त्या लाटा एकमेकींत शिरल्या आणि नेमकी कमरेखाली एक खोल घडी पडली. मला आनंद झाला. मग आजोबा कण्हले, आणि मला माझीच लाज वाटली.

आज सकाळी सूनबाईंनी तिला जमिनीवर काढलं. लगेच घडी गायब! त्यांनी मलाही शेजारी आडवं केलं. मीही सपाट.

"अहो, माप कुठून घेतलं होतंत?"

"या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"फळ्या धरून? आजोबा काय फळ्यांवर झोपतात?"

मुलानं फळ्यांच्या आतून पुन्हा माप घेतलं. गादीवाल्याला बोलावलं. त्यानं कात्री काढली. "दोन्हींतली कुठली कापू?"

माझा जीव टांगणीला लागला. मला कापा, मला!

खुर्चीतून आजोबा म्हणाले, "नवी काप. जुनीनं बरंच सोसलंय, तिला कशाला कात्री लावता?"

नवीची शिवण उसवली, कडेचा फोम कापडासकट कापला गेला, आणि मला त्या कापण्याचाही हेवा वाटला. आता ती सपाट आहे, आजोबा गाढ झोपलेत. आजोबा, माया केलीत, पण मला एकदा विचारायचं तरी होतं. तुमच्या पाठीखाली राहायला मी चार बोटं कमी झाले असते.