काळ्या दगडावरची ओळ

जवळ या, पण हात मागे ठेवून या. माझा कोणावर विश्वास नाही, मित्रांनो, आणि लहान मुलांवर तर मुळीच नाही. लहान मुलांच्या हातात नेहमी काहीतरी टोकदार असतं.

मी एक म्हातारा खडक आहे. सहारा वाळवंटातल्या आयरच्या डोंगरात, एका कोरड्या नदीच्या वळणावर उभा आहे. माझ्यासमोर बाभळी आहेत, बाभळींच्या पलीकडे विहीर आहे आणि विहिरीच्या पलीकडे वाळू आहे. ती किती आहे ते तिचं तिलाच ठाऊक. ऊन खाऊन खाऊन माझं अंग काळं पडलं आहे, पण जरा खरवडलं की आतला फिकट रंग दिसतो. माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ हेच. ज्याला त्याला वाटतं, या पाटीवर आपणही काहीतरी ओढावं.

तुमच्यात म्हणे काळ्या दगडावरची रेघ म्हणजे एकदम पक्की गोष्ट. असेल बापडी. मी स्वतः काळा दगड आहे, आणि माझ्या अंगावरच्या रेघांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. का, ते ऐका.

सगळ्यात आधी माझ्यावर जिराफ आले. म्हणजे काढलेले. तेव्हा या दरीत गवत होतं आणि खरे जिराफही होते. नंतर गवत गेलं, जिराफ गेले, माणसांनी गाई काढल्या, मग उंट काढले. आणि मग कधीतरी अक्षरं आली. गोल, टिंबं, काड्या, फुल्या. इथले लोक त्यांना तिफिनाग म्हणतात. ती कुठून आली? एक शहाणा इथे सावलीला बसून म्हणाला, समुद्रकाठच्या व्यापाऱ्यांनी आणली. दुसरा म्हणाला, छे, इथल्याच गुराख्यांनी जनावरांच्या डागण्यांवरून काढली. दोघेही फार ठामपणे बोलत होते. जो ठामपणे बोलतो त्याच्याकडे मी जरा निरखून बघतो. मला एवढंच माहीत आहे की माझ्या अंगावर पहिली ओळ एका मुलीने कोरली.

तिचं नाव तानेस. ती शेळ्या राखायची. अक्षरं तिला आईने वाळूत बोटाने शिकवली होती. एका दुपारी ती माझ्यापाशी आली, एक अणकुचीदार गारगोटी उचलली आणि तोंडाने एकेक शब्द मोठ्याने म्हणत ठोकू लागली. म्हणून मला ती ओळ पाठ आहे. ‘मी, तानेस, म्हणते: पांढरी शेळी अजून आली नाही. मी थांबते आहे.’

शेळी आली का? आली ना. संध्याकाळी आपल्या पायांनी आली, वर पोट भरून आली. पण ओळ पुसायला कोण बसतंय? तेव्हापासून माझ्या अंगावर ती शेळी हरवलेलीच आहे. म्हणून म्हणतो, खऱ्या ओळीवरही फार विसंबू नये.

पुढे किती पिढ्या गेल्या ते मी मोजलं नाही. बायका माझ्यासमोर बसून मुलांना वाळूत तीच अक्षरं शिकवत राहिल्या. अक्षरं या हातातून त्या हातात गेली, पण तोंडातले शब्द हळूहळू झिजले. एक दिवस एका बाईने तानेसची ओळ वाचली आणि ती पुन्हा पहिल्या अक्षरावर गेली. अक्षरं येत होती, अर्थ लागत नव्हता. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. तानेस त्या ओळीत तिथेच होती, पण तिचं बोलणं समजणारं कोणी उरलं नव्हतं.

अर्थ गेला की लोक गप्प बसतील असं तुम्हाला वाटेल. झालं उलटच. एकाने सांगितलं, हा राजाचा हुकूम आहे. दुसऱ्याने सांगितलं, इथे खजिना पुरला आहे, आणि माझ्या पायाशी खड्डा खणला. एका बाईने मूल व्हावं म्हणून माझ्यावर दूध ओतलं. एकाने तर माझा कोपरा फोडून तो अगादेझ शहराच्या बाजारात नेला. त्या शेळीला जिवंतपणी एवढा मान कधी मिळाला नव्हता. प्रत्येक जण माझ्या तोंडी आपलं बोलणं घालत होता. तेव्हापासून मी कानाला खडा लावला.

मग मोठा दुष्काळ पडला. तंबू उठले, माणसं दक्षिणेकडे गेली, विहिरीचा रहाट मोडून पडला. माझ्याकडे बघायला कोणी नव्हतं. खोटं सांगायलासुद्धा कोणी नव्हतं.

पाऊस परतला तशी माणसं परतली. दोन गोट परतले आणि विहीर एकच. तिचं पाणी एका गोटाच्या जनावरांना पुरेल एवढंच. एका गोटाचा म्होरक्या घुमूर. दुसरा गोट घैशेनाचा. ती म्हातारी होती आणि या दरीतल्या निम्म्या बायकांनी अक्षरं तिच्याकडूनच शिकली होती. घुमूर म्हणाला, “माझ्या पणजीने सांगितलंय, विहीर आमची, असं त्या काळ्या दगडावर लिहिलंय.” घैशेनाचा मुलगा रिसा म्हणाला, “माझ्या आईच्या पणजीनेही हेच सांगितलंय.”

घुमूर आणि घैशेना मामेआते भावंडं. त्यांची पणजी एकच.

“एकाच बाईने दोन घरांत विहीर वाटली,” उंबा लोहार म्हणाला. “भलती धोरणी होती!” इथे लोहारांच्या तोंडाला कोणी हात लावत नाही. ते बोलतात आणि बाकीचे फेट्याचा शेमला तोंडावर ओढून हसू लपवतात.

शेजारच्या दरीतल्या तिसऱ्या गोटातल्या एका म्हाताऱ्याला पंच म्हणून बोलावलं. सगळे माझ्यासमोर बाभळीखाली बसले. चहा झाला. मामेआते भावंडांनी एकमेकांची टिंगल केली नाही तर इथे लोकांना काळजी वाटते, तेव्हा तीही झाली.

“काय गं म्हातारे,” घुमूर म्हणाला, “तुझ्या तोंडात दात उरलेत त्याहून जास्त अक्षरं आहेत त्या दगडावर. जमेल ना?”

“दात नसले तरी जीभ आहे,” घैशेना म्हणाली. “तुझे दात शाबूत आणि अक्षर एक येत नाही.”

“म्हणून तर माझी माणसं आणलीत मी. ही माझी सून वाचेल. तात्रीत, पुढे ये.”

तात्रीत पुढे आली. तीही घैशेनाचीच शिष्या. घुमूरच्या ते ध्यानात आलं आणि त्याचे डोळे बारीक झाले. “थांबा. गुरू आणि चेली एकत्र वाचणार म्हणजे आधीच ठरवून आलेल्या असणार. तात्रीत, तू त्या टेकडीमागे जा. हाक मारली की ये. आधी ही वाचेल, मग तू. जुळलं तर खरं.”

खरं सांगतो, तेवढ्यापुरता हा माणूस मला आवडला. मीही तेच केलं असतं.

घैशेना माझ्याजवळ आली. तिने बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं आणि मोठ्याने वाचू लागली. मित्रांनो, कसं सांगू? उच्चार थोडे वाकडे होते, पण ते तानेसचेच शब्द होते. किती काळाने कोणीतरी ते माझ्यासमोर हवेत सोडले होते. मी दगड नसतो तर रडलो असतो.

पण लगेच मी सावध झालो. तिचं बोट शेवटी येऊन थांबलं होतं. मागे रिसा उभा होता. त्याच्या गाभण सांडण्या विहिरीकडे माना लांब करून उभ्या होत्या. विहीर गेली तर त्यांना डोंगरापलीकडच्या खाऱ्या विहिरीवर न्यावं लागणार होतं, आणि त्या पाण्यावर वासरं जगत नाहीत. एक वाक्य बोलायचं, की पाणी आपलं. आता ही माझ्या तोंडी विहीर घालणार, अशी माझी खात्री झाली.

“पहिला शब्द ‘मी’ आहे,” घैशेना म्हणाली. “तो आपण अजून तसाच म्हणतो. मग कोणाचं तरी नाव असावं. मग ‘म्हणते’. पुढचं मला कळत नाही.”

“विहीर आहे का त्यात?” पंचाने विचारलं.

“असेल. नसेल. मला दिसत नाही.”

रिसाने मान फिरवली. घुमूरच्या माणसांमध्ये कुजबुज झाली. मग तात्रीतला हाक गेली.

ती आली. गुरू काय बोलली हे तिला ठाऊक नव्हतं. सासरचे सगळे डोळे तिच्यावर होते. मी मनात म्हटलं, म्हातारी सुटली, पण ही पोर सुटणार नाही. तिने वाचलं. मग म्हणाली, “‘मी’ कळतं, मामंजी. ‘म्हणते’ कळतं. त्याच्यापुढे मला शिकवलेलं संपतं.”

माझा अंदाज दुसऱ्यांदा चुकला. असं माझं सहसा होत नाही.

पंच म्हणाला, “दगड मुका निघाला. मग राहिली रीत. या मोसमात पहिला पोहरा ज्याने सोडला, पाणी त्याचं.” पहिला पोहरा घुमूरने सोडला होता. पाणी घुमूरला गेलं.

घैशेनाचे तंबू उतरवताना रिसा आईला म्हणाला, “एक वाक्य खोटं बोलली असतीस तर काय झालं असतं?”

“खोटं बोलायला मला येतं की रे,” ती म्हणाली. “तुझ्या बापाशी जन्मभर बोलले. पण ते माझ्या तोंडाने. जिने ती ओळ कोरली, तिच्या तोंडाने कसं बोलू?”

सामान उंटांवर चढलं. निघण्याआधी ती एकटीच माझ्याकडे आली. तिच्या हातात अणकुचीदार दगड होता. हरलेलं माणूस हातात दगड घेऊन आलं की समजून जावं. आता ही तानेसची ओळ ठेचणार, असं मला वाटलं. पण तिने तानेसच्या ओळीखाली ठोकायला सुरुवात केली. ठक ठक आवाज विहिरीपर्यंत गेला. मग हात झटकून ती उंटांमागे चालू लागली. मागे वळून पाहिलं नाही.

घुमूरने तो आवाज ऐकला होता. दुसऱ्या दिवशी तो उंबाला छिन्नी-हातोड्यासकट घेऊन आला.

“जाता जाता म्हातारीने विहीर स्वतःच्या नावावर लिहून ठेवली असणार,” तो म्हणाला. “आज नाही, पण उद्या माझ्या नातवंडांना कोणी हे वाचून दाखवेल. काढून टाक.”

उंबाने छिन्नी माझ्यावर टेकवली आणि थांबला. “काढतो. पण मालक, काय काढतोय ते तरी कळू दे. देवाचं नाव निघालं तर तुम्ही हात वर कराल आणि मी नरकात जाईन.”

“तू तसाही जाणार आहेस. तात्रीत! वाच हे.”

तात्रीतने वाचलं, “‘मी, घैशेना, म्हणते: वरचं मला कळलं नाही.’”

“पुढे?”

“पुढे काही नाही.”

“नीट बघ. विहीर?”

“विहीर नाही.”

“मला शिवी?”

“शिवीसुद्धा नाही, मामंजी.”

घुमूरने शेमला वर ओढला, पार डोळ्यांपर्यंत. इथे पुरुषांना लाज वाटली की ते असंच करतात.

“तिच्या जागी मी असतो,” तो म्हणाला, “तर विहीर लिहिली असती. खाली शिवीही लिहिली असती.”

“ते काय आम्हाला ठाऊक नाही?” उंबा म्हणाला.

“गप रे. उंट सोड. माणूस पाठव तिच्या मागे. म्हणावं, सांडण्या घेऊन परत ये. एक दिवस तुमचा पोहरा, एक दिवस आमचा.”

“पाणी दोघांना पुरणार नाही, मालक.”

“नाही पुरणार. मग दोघंही थोडे थोडे तहानलेले राहू.” तो माझ्याजवळ आला, ती ओळ बोटाने चाचपली आणि म्हणाला, “आणि छिन्नी काढलीच आहेस तर खाली माझंही एक कोर. तात्रीत सांगेल तसं. लिही: ‘मी, घुमूर, म्हणतो: मलाही नाही.’”

घैशेना परतली तेव्हा आधी विहिरीवर गेली नाही, माझ्याकडे आली. तिने ते वाचलं आणि तिला असं हसू आलं की खाली बसावं लागलं. “जन्मात पहिल्यांदा खरं बोललास,” ती घुमूरला म्हणाली, “तेही दुसऱ्याच्या हातून!”

त्या वर्षी काही करडं दगावली, दोन्हीकडची. पण सांडण्यांची वासरं जगली. पुढे घैशेना गेली, तिच्या मागोमाग घुमूर गेला. आता तात्रीत दोन्ही गोटांच्या मुलांना माझ्यासमोर वाळूत अक्षरं शिकवते. कडेला ठेवलेल्या बाजरीच्या लापशीवर माश्या बसतात आणि मुलांचं लक्ष तिकडेच असतं. तरी शिकतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी तुम्हाला न कळणारा एखादा शब्द बोलत असेल. तो विचारून घ्या. मोठं झाल्यावर विचारू म्हणू नका. तानेसला विचारायचं राहून गेलं, आणि तिच्यानंतर खजिने शोधणारेच आले. जुन्या अक्षरांवर खिळे ओढू नका, त्यांचे कोपरे फोडून नेऊ नका. आणि जे कळत नाही तिथे आपल्या सोयीचं काही भरू नका. ती जागा रिकामी राहू द्या. पूर्वज तेवढ्याने रागावत नाहीत.

तानेसच्या शेळीची गोष्ट मी तुम्हाला सांगून टाकली आहे खरी. पण दगडाने सांगितलं म्हणून तुम्ही ती खरी मानली असेल, तर तुमचंही जरा चुकतंच आहे. मी अजून कोणावर विश्वास ठेवत नाही. कोणी जुनी ओळ वाचायला आलं की मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, बोटाकडे बघतो. ते भरभर पुढे गेलं की मी सावध होतो. मधेच अडलं, की मला बरं वाटतं.