ऑपरेटरच्या मदतीने

आत्याने घरातला कुठलाही फोन आजवर एकटा सोडला नव्हता. बाहेरच्या खोलीत कुणी नंबर फिरवला आणि पलीकडून उचलला गेला, की स्वयंपाकघरातल्या एक्स्टेन्शनचा रिसीव्हर हलकेच तिच्या कानाला लागायचा. दोन्हीकडची माणसं बोलायला लागली आहेत, आवाज स्वच्छ येतोय, एवढी खात्री पटली की ती रिसीव्हर अलगद जागेवर ठेवायची. घरातले याला चोरून ऐकणं म्हणत. आत्या याला काम म्हणे. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लांबलांबच्या गावांचे कॉल जोडण्यात गेली होती, आणि कॉल जोडला की एकदा कान लावून बघायचं, मगच बाजूला व्हायचं, हा तिथला नियम. पुढे एक्स्चेंजमध्ये आपोआप जोडणारी यंत्रं आली. साहेबांनी आत्याच्या आवाजाचं भरपूर कौतुक केलं आणि तिला घरी पाठवलं. खुर्ची आणि हेडफोन तिने तिथेच ठेवले, नियम तेवढा घरी आणला.

घर तिच्या धाकट्या भावाचं. हा भाऊ नकाशे काढण्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला, आणि आता पूर्णवेळ बुद्धिबळाच्या नादी लागलेला. दूरच्या एका शहरातल्या दंतवैद्याशी तो पोस्टाने डाव खेळायचा. एक चाल इकडून जायची, एक तिकडून यायची, आणि काही महिन्यांनी भाऊ हरायचा. हरला की तो आठवडाभर कुणाशी बोलत नसे, जेवणाला नावं ठेवी आणि रस्त्यातल्या दातांच्या दवाखान्यांच्या पाट्यांकडे रागाने बघे. पण या खेपेला भलतंच घडलं होतं. दंतवैद्याचा राजा कोपऱ्यात सापडला होता. भाऊने घोडा एका विशिष्ट घरात नेला की खेळ खलास.

अडचण एकच होती. पोस्टाला फार वेळ लागतो म्हणून दंतवैद्याने या डावापासून ईमेलचा आग्रह धरला होता, आणि भाऊनेही ऐटीत 'माझी काहीच हरकत नाही' असं कळवून टाकलं होतं. चाल लेखी हवी, मुदतीत हवी, नाहीतर डाव गेला. फोनवर सांगितलेली चाल धरायची नाही, कारण पूर्वी एकदा त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली होती. आजवरच्या चाली सूनबाईने तिच्या ऑफिसातून पाठवल्या होत्या. ही चाल मात्र भाऊला स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरातून पाठवायची होती. जिंकायचं तर रुबाबात जिंकायचं. मुदतीचे सगळे दिवस त्याने घोड्याकडे टक लावून घालवले, आणि आज, शेवटच्या दिवशी, दुपारी घरातला कॉम्प्युटर फोनच्या लायनीला जोडणारी मोडेमची डबी घेऊन तो सूनबाईच्या मागे लागला. मुदत संध्याकाळी सातची होती.

"बाबा, ही चालसुद्धा माझ्या ऑफिसातून पाठवली असती ना," सूनबाई टेबलाखाली शिरत म्हणाली.

"तुझ्या ऑफिसला सुट्टी आहे आज."

"म्हणूनच म्हणतेय, काल सांगायचं."

काल भाऊला उंटाबद्दल शंका आली होती, त्यामुळे काल शक्यच नव्हतं.

सूनबाईने फोनची वायर मोडेममध्ये खोचली, नंबर भरला, परवलीचा शब्द भरला. ब्राउझर लावला, ईमेलचा प्रोग्राम लावला, येणाऱ्या टपालाचा सर्व्हर कोणता आणि जाणाऱ्याचा कोणता ते नीट बघून लिहिलं. भाऊने एका बोटाने टाइप केलं, 'आदरणीय डॉक्टरसाहेब, सविनय नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. माझ्या घोड्याची चाल पुढीलप्रमाणे,' आणि ती लिहून बटण दाबलं. मोडेम किंचाळला, घुरघुरला आणि शिट्ट्या मारून गप्प झाला. "लागला!" सूनबाई म्हणाली.

स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलेल्या आत्याने हे सगळं ऐकलं होतं. आता कॉल लागला म्हटल्यावर तिने रिसीव्हर उचलला.

आत नुसती खरखर. दोन्हीकडे कुणीतरी आहे हे तिच्या तयार कानाला लगेच कळलं, पण एकाला धड बोलता येत नव्हतं. अशा वेळी ऑपरेटरने गप्प बसायचं नसतं. "हॅलो," आत्या तिच्या त्या नावाजलेल्या आवाजात म्हणाली, "लाइन चालू आहे, बोला." खरखर एकदम थांबली. बिचाऱ्यांनी ठेवून दिला, असं म्हणून आत्या भाजीकडे वळली.

"तुटला," बाहेर सूनबाई म्हणाली.

"चाल?"

"गेली नाही."

भाऊच्या मते चाल वाटेत कुठेतरी लायनीतच पडली होती. ती शोधण्यापेक्षा नवी लिहिलेली बरी म्हणून त्याने पुन्हा टाइप करायला घेतलं. या वेळी प्रकृतीची चौकशी गाळली.

मग सूनबाईने कंबर कसली. ब्राउझरला चित्रं दाखवायला बंदी केली, म्हणजे लायनीवरचा भार हलका होईल. उघडल्या उघडल्या बातम्यांचं पान यायचं, तिथे कोरं पान ठेवलं. ईमेलचा प्रोग्राम दर थोड्या वेळाने आपणहून टपाल बघायचा, त्याला दटावून गप्प बसवलं. मोडेमचा वेग उतरवला. परवलीचा शब्द खोडून पुन्हा भरला. आणि दर वेळी मोडेम किंचाळे, लागे, आणि दोन श्वास होतात न होतात तोच तुटे. कारण दर वेळी आत्याही इमानेइतबारे रिसीव्हर उचलून त्या मुखदुर्बळ माणसाला धीर देत होती. "घाबरू नका," तिने एकदा सांगितलं. "सावकाश बोला, मी आहे."

भाऊ दर वेळी नवं पत्र लिहीत होता. 'आदरणीय' गेलं, मग 'साहेब' गेलं. एका पत्रात फक्त 'घोडा. वर दिलेल्या घरात. समजलं?' एवढंच होतं, आणि वर कुठलंही घर दिलेलं नव्हतं.

"दंतवैद्यानेच काहीतरी केलंय," तो घाम पुसत म्हणाला. "हरायची वेळ आली म्हणून लाइन कापतोय मेला."

"अहो बाबा, त्यांना कसं जमेल ते?"

"नसा काढतो तो माणूस. त्याला काय जमत नाही?"

एवढ्यात आत्या पदराला हात पुसत बाहेर आली. तिला राहवेना. "अरे, कोण आहे हा तुझा माणूस? किती वेळा सांगितलं त्याला की लाइन चालू आहे. तोंडातून शब्द फुटत नाही त्याच्या, नुसता खरखरतो आणि ठेवून देतो. त्याला आधी डॉक्टरकडे ने."

सूनबाईने कपाळाला हात लावला. भाऊचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"ताई! तू उचलत होतीस?"

"मग कोण उचलणार?"

"अगं, तुझ्यामुळे तुटतंय सगळं! दुपारपासून! कुणी सांगितलं होतं तुला? कुणाला गरज आहे आता ऑपरेटरची? मशीन मशीनशी बोलतंय, त्यात तू कशाला तोंड घालतेस?" आणि तरातरा स्वयंपाकघरात जाऊन त्याने एक्स्टेन्शनची वायर उपटून काढली.

आत्या मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसली. तिला खूप वाईट वाटलं. चूक कळली होती, त्याचं नव्हतं एवढं. पण 'कुणाला गरज आहे' हे एक्स्चेंजमधल्या साहेबांनीसुद्धा तोंडावर म्हटलं नव्हतं, त्यांनी निदान आवाजाचं कौतुक करून मग घालवलं होतं.

इकडे घरात आता आत्याचा अडथळा नव्हता, पण कॉलच लागेना. संध्याकाळ झाली होती, आणि गावातल्या ज्याच्या ज्याच्या घरी मोडेम होता तो प्रत्येक जण त्याच एका नंबरावर तुटून पडला होता. एंगेज. मोडेम एंगेज टोन मन लावून पूर्ण ऐके, मग सावकाश विश्रांती घेई आणि मग पुन्हा तोच नंबर लावे. एंगेज. भाऊ घड्याळासमोर उभा राहिला होता.

सूनबाई मोडेमच्या सेटिंगच्या खिडक्या एकेक करून उघडत होती. एका खिडकीच्या तळाशी एक छोटी चौकट होती, आजवर कुणी ढुंकूनही न पाहिलेली. तिने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि फसकन हसली.

"बाबा, इथे लिहिलंय, 'ऑपरेटरच्या मदतीने डायल करणे'."

"काय?"

"खूण केली की मशीन स्वतः नंबर फिरवत नाही. माणसाने फिरवायचा, पलीकडची शिट्टी ऐकू आली की मी इथे बटण दाबायचं. सूचना बघा, 'रिसीव्हर उचला आणि ऑपरेटरला नंबर सांगा'."

भाऊने घड्याळाकडे पाहिलं, मग मागच्या दाराकडे. त्याची मान खाली गेली. पायरीपर्यंत जायला त्याला जरा वेळच लागला.

"ताई."

"काय आहे?"

"ते मशीन ऑपरेटर मागतंय."

"थट्टा करतोस?"

"घोड्याची शपथ."

आत्या उठली. पदर खोचला, खुर्ची फोनसमोर ओढली, पाठ ताठ केली. "नंबर?" तिने विचारलं. सूनबाईने सांगितला. एंगेज टोनचा पहिला टुक पुरता निघायच्या आत आत्याचं बोट फोन तोडून पुन्हा फिरवायला लागलेलं असायचं. एंगेज, तोड, फिरव. एंगेज, तोड, फिरव. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. गावातले बाकीचे मोडेम विश्रांती घेत असताना कुणीतरी एक जण लाइन सोडून गेला, आणि त्या फटीत आत्या शिरली.

"उचलला," ती म्हणाली. "शिट्टी आली. दाब."

सूनबाईने बटण दाबलं. "आता ठेवा, आत्या!"

आत्याने रिसीव्हर ठेवला, आणि खरी परीक्षा आता सुरू झाली. कॉल जोडून दिला होता आणि कान लावायचा नव्हता. तिचा हात रिसीव्हरकडे निघाला. तिने तो दुसऱ्या हाताने धरला. तेवढं पुरेना, तेव्हा ती दोन्ही हातांवर बसली. "बोलताहेत का गं नीट?" तिने डोळे मिटून विचारलं.

"बोलताहेत, आत्या."

"आवाज स्वच्छ आहे ना?"

"एकदम स्वच्छ. गेली! बाबा, सातच्या आत गेली चाल!" मग सूनबाई पडद्याकडे वाकली. "अरे देवा. सगळ्याच गेल्या."

लायनीत काहीच पडलं नव्हतं. दुपारपासून लिहिलेलं प्रत्येक पत्र ईमेलच्या प्रोग्रामने निगुतीने जपून ठेवलं होतं आणि लाइन मिळताच सगळी एका दमात पाठवून दिली होती, 'आदरणीय डॉक्टरसाहेब'पासून 'समजलं?'पर्यंत आणि त्याच्याही पुढची. शेवटच्या पत्रात तर नुसतंच 'घोडा घोडा घोडा' होतं. भाऊ मटकन खाली बसला. आयुष्यातला पहिला विजय आणि त्यात ही शोभा.

लाइन अजून चालू होती. थोड्या वेळाने सूनबाईने प्रोग्रामला टपाल बघायला लावलं, आणि पत्र आल्याचा आवाज झाला. तिने मोठ्याने वाचलं, 'महोदय, डाव सोडत आहे. पहिलं पत्र वाचूनच घाम फुटला होता, इतका दम द्यायची गरज नव्हती. पुढचा डाव कधी? कृपया जरा मायेने खेळा.'

भाऊ लहान मुलासारखा टाळ्या पिटत खोलीभर नाचला. मग थांबला, स्वयंपाकघरात गेला, आणि खाली वाकून एक्स्टेन्शनची वायर पुन्हा नीट खोचून आला.

"बाबा, ती खूण आता काढू का?" सूनबाईने लाइन बंद करत विचारलं. "सकाळी गर्दी नसते, मशीनला एकट्याला जमेल."

"हात लावू नकोस," भाऊ म्हणाला. तो आत्याच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. "ताई, दंतवैद्याला उत्तर धाडायचंय. जरा जोडून देतेस?"

आत्या हातांवरून उठली. नंबर तिला केव्हाच पाठ झाला होता. पण सांगितल्याशिवाय जोडायचा नाही, हाही नियमच होता.

"नंबर?" तिने विचारलं, आणि भाऊने ताठ उभं राहून एकेक आकडा तिला सांगितला.